पेनसिल्व्हेनियातलं मत, कॅलिफोर्नियातलं मत आणि तिसरा पक्ष

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर राष्ट्राध्यक्षपदासाठी तुम्ही पहिल्यांदाच मत देणार आहात. घर पेनसिल्व्हेनियात. दोन्ही मोठे पक्ष मनातून उतरले आहेत. मुलगा कॅलिफोर्नियात कॉलेजला आहे आणि त्यालाही तिसऱ्याच कुणाला तरी मत द्यायचंय. घरातले बाकीचे म्हणतात, मत वाया घालवू नका. तर ते खरंच वाया जातं का?

मी बरीच वर्षं इथल्या प्रचारमोहिमांमध्ये मतदारयाद्या आणि निकालांच्या आकडेवारीचं काम करतोय. मोठ्या पक्षांसाठी केलं, तसंच एका लहान पक्षाला मतपत्रिकेवर जागा मिळावी म्हणून सह्या तपासण्याचंही केलं. ‘आमची मतं खाल्ली’ असं ओरडणारे आणि ते ऐकून घेणारे, दोघांच्याही कार्यालयात बसलोय. माझं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर: पेनसिल्व्हेनियात राष्ट्राध्यक्षाच्या रकान्यात मी तिसऱ्याला मत देणार नाही, कॅलिफोर्नियात देईन, पण त्यातून नेमकं काय मिळवायचंय हे आधी ठरवून. त्याच मतपत्रिकेवरच्या खालच्या रकान्यांचं उत्तर पुन्हा वेगळं. आता कारणं सांगतो.

राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. राज्याराज्यांतून ठरणारे ५३८ निर्वाचक त्याची प्रत्यक्ष निवड करतात, जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानीत ज्याला एका मताने का होईना आघाडी, त्याच्या पदरात तिथले सगळे निर्वाचक. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं काही निर्वाचक मतदारसंघनिहाय देतात. दुसऱ्या क्रमांकाला काही मिळत नाही, मग तिसऱ्याचं काय विचारता. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के, म्हणजे १ कोटी ९७ लाख मतं पडली. निर्वाचक शून्य.

मला त्याहून बोलकं वाटतं ते १९४८. त्या वर्षी तिसऱ्या जागेसाठी दोघे होते: दक्षिणेतला वंशभेद टिकवण्यासाठी उभे राहिलेले स्ट्रॉम थर्मंड आणि डाव्या विचारांचे हेन्री वॉलेस. दोघांनाही साधारण २.४ टक्के मतं. थर्मंडना ३९ निर्वाचक मिळाले, वॉलेसना एकही नाही. थर्मंडची मतं दक्षिणेतल्या चार राज्यांत एकवटलेली होती, वॉलेसची देशभर विखुरलेली. म्हणजे ही पद्धत लहान पक्षाला सरसकट मारत नाही. एका प्रदेशात घट्ट बसलेल्या लहान पक्षाला ती सांभाळून घेते आणि सगळीकडे थोडाथोडा असलेल्याला चिरडते. आजचे ग्रीन (पर्यावरणवादी, डावीकडचा) आणि लिबर्टेरियन (सरकारी हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणारा) हे दोन्ही पक्ष दुसऱ्या प्रकारातले आहेत.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्येच हे मांडलं होतं: एका मतदारसंघात एकच जागा, एकच फेरी आणि सर्वाधिक मतं त्याचा विजय, अशी पद्धत असली की राजकारण दोन पक्षांकडे सरकतं. आधी लहान पक्षाची मतं जागांमध्ये उतरत नाहीत, मग ते पाहून मतदारच त्याला सोडून जातो. हे सोडून जाणं आम्हाला आकड्यांत दर निवडणुकीत दिसतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन चाचण्यांमध्ये आठ-नऊ टक्क्यांवर होते. नोव्हेंबरात मिळाले ३.३ टक्के. मधल्या काळात त्यांनी मोठं पाप केलं असं नाही (एका मुलाखतीत सिरियातल्या युद्धग्रस्त अलेप्पो शहराबद्दल विचारल्यावर अलेप्पो म्हणजे काय असं विचारून बसले, तेवढं सोडा). लोक हिशेब करून परत फिरले.

आणि समजा तिसरा उमेदवार खरंच जोरात आला, कुणालाच २७० मिळाले नाहीत, तर? बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते. पहिल्या तिघांतून एकाला निवडायचं आणि प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगलाही एक. त्या सभागृहात जवळजवळ सगळे दोन मोठ्या पक्षांचेच असतात. त्यामुळे ‘तिसऱ्याने दोघांना अडवलं’ याचा शेवट बहुधा त्या दोघांपैकीच एक निवडला जाण्यात होतो.

आता ‘मतं खाण्या’कडे येऊ. इथे दोन्ही बाजूंचे लोक फार ढिलाईने आकडे फेकतात, म्हणून जरा थांबून पाहू.

सगळ्यांच्या तोंडी असतं ते २०००चं फ्लोरिडा. रिपब्लिकन जॉर्ज बुश तिथे डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले आणि तेवढ्यावर राष्ट्राध्यक्ष झाले. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मतं होती. म्हणजे नेडरनी गोर यांना पाडलं, असा सरळ निष्कर्ष काढला जातो. पण त्या मतपत्रिकेवर आणखी सात लहान उमेदवार होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला ५३७ पेक्षा जास्त मतं होती. सर्वांत कमी मतं मिळालेल्या समाजवादी उमेदवाराला ५६२. पाम बीच काउंटीतल्या ‘फुलपाखरू’ मतपत्रिकेच्या (नावं दोन बाजूंना, खुणेच्या जागा मधे) गोंधळात रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली, त्यांतली बरीच गोर यांना द्यायची होती असं अभ्यासक मानतात. इतक्या निसटत्या निकालात कुठल्याही एका गोष्टीवर बोट ठेवता येतं आणि ते बरोबरही ठरतं.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: तिसरा उमेदवार नसता तर त्याच्या मतदारांपैकी किती घरी बसले असते आणि उरलेल्यांत दोन मोठ्या पक्षांमधला फरक किती राहिला असता? फ्लोरिडातल्या प्रत्यक्ष मतपत्रिकांच्या नोंदींवरून मायकेल हेरन आणि जेफ्री लुइस या अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा, की नेडरच्या मतदारांपैकी साधारण ६० टक्के गोर यांच्याकडे झुकलेले होते, बाकीचे बुश यांच्याकडे. सगळे गोर यांचेच होते, हा समज त्यामुळे गळून पडतो. पण ६०-४० म्हटलं तरी शंभरामागे वीस मतांची आघाडी होते. निम्मे मतदार घरी बसले असं धरलं तरी ती आघाडी हजारोंत जाते आणि अंतर होतं ५३७. तेव्हा २००० मध्ये नेडर नसते तर निकाल फिरला असता, हे मी मान्य करतो.

हाच हिशेब २०१६ ला लावून पाहा. हिलरी क्लिंटन यांना जिंकायला मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं हवी होती, दोन पुरली नसती. मिशिगनमध्ये अंतर १०,७०४, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१,४६३. तिथे स्टाइनच्या मतदारांतून शंभरामागे एकवीसची निव्वळ आघाडी पुरली असती, ते शक्य आहे. विस्कॉन्सिनमध्ये अंतर २२,७४८, स्टाइन ३१,०७२. तिथे शंभरामागे त्र्याहत्तरची आघाडी हवी. तुमच्या पेनसिल्व्हेनियात अंतर ४४,२९२ आणि स्टाइन ४९,९४१, म्हणजे एकोणनव्वदची. इतकी एकमुखी मतं कुठल्याच गटाची नसतात आणि त्यांतले बरेच जण मतदानाला आलेच नसते. शिवाय जॉन्सन यांची पेनसिल्व्हेनियातली १,४६,७१५ मतं होतीच, त्यांतली बरीच रिपब्लिकन वळणाची. ‘स्टाइनमुळे क्लिंटन हरल्या’ हे विधान त्यामुळे टिकत नाही. मिशिगनमध्ये ७५,००० हून जास्त लोकांनी मतदान केलं, पण राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोराच सोडला. त्यांच्यावर कुणी पुस्तकं लिहीत नाही.

आणि हे एकाच बाजूने चालतं असंही नाही. २०२० मध्ये जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकले, लिबर्टेरियन जो जोर्गेन्सन यांना तिथे ६२,२२९. ॲरिझोनात अंतर १०,४५७, त्यांना ५१,४६५. विस्कॉन्सिनमध्ये अंतर २०,६८२, त्यांना ३८,४९१. ही तीन राज्यं उलटली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी होऊन निवड प्रतिनिधीगृहात गेली असती. विस्कॉन्सिनपुरतं ते अवघडच होतं, पण डेमोक्रॅट तेवढे बिचारे हा समज यातून दूर व्हावा.

पेनसिल्व्हेनियाबद्दलचं माझं मत यावरून बनलंय. २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा तिथलं अंतर दोन टक्क्यांच्या आत होतं. तुमच्या एकटीच्या मताने निकाल फिरण्याची शक्यता तिथेही नगण्यच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तुम्ही एकट्या नसता. तुमच्यासारखाच विचार करणारे हजारो असतात आणि २०१६ मध्ये अंतरही ४४ हजारांचंच होतं. दोघांपैकी एक जण तुम्हाला थोडा तरी कमी वाईट वाटत असेल, तर त्या रकान्यात त्याच्या नावावर खूण करा. दोघे खरोखर, अगदी तंतोतंत सारखे वाटत असतील तर तुमच्या मताने कुणाचंच नुकसान होत नाही, खुशाल तिसऱ्याला द्या. मात्र ‘सारखेच आहेत’ असं म्हणणाऱ्यांना मी एक विचारतो: उद्या सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली तर दोघे सारखाच न्यायाधीश नेमतील का? बहुतेक जण इथे अडखळतात.

यावर तुमचा मुलगा म्हणेल, आणि त्याचं म्हणणं हलकं नाही, की असं दर वेळी कमी वाईटालाच मत देत राहिलो तर ते आपल्याला गृहीत धरणार. निरोप तर द्यायलाच हवा. हे मला पटतं. पण मत म्हणजे चिठ्ठी नव्हे. मतमोजणीत फक्त आकडा निघतो, कारण निघत नाही. ग्रीन पक्षाच्या एका मतात पर्यावरण असेल, परराष्ट्र धोरण असेल, उमेदवाराचा राग असेल किंवा नुसता कंटाळा असेल. निकालानंतर पराभूत मोहिमेच्या बैठकीत मी बसलोय. तिथे तिसऱ्या पक्षाच्या मतांचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीचा लावतो. एक म्हणतो, आपण पुरेसे डावे नव्हतो. दुसरा म्हणतो, ही माणसं कधीच आपली नव्हती, पुढच्या वेळी मध्याकडे सरकू. दुसऱ्याचंच बहुधा चालतं.

जिथे निरोप पोचला, तिथे मतासोबत आणखी काहीतरी होतं. १८९२ मध्ये पीपल्स पार्टीचे, म्हणजे पॉप्युलिस्टांचे, जेम्स वीव्हर यांना साडेआठ टक्के मतं आणि २२ निर्वाचक मिळाले. त्यांच्या मागण्या कागदावर होत्या: उत्पन्नानुसार चढता आयकर, सिनेटरांची थेट निवडणूक, गुप्त मतदान. त्यांचे लोक राज्यांच्या विधिमंडळांत आणि काँग्रेसमध्ये बसलेले होते. १८९६ मध्ये डेमोक्रॅटांनी त्यांच्या कितीतरी मागण्या आणि उमेदवार म्हणून त्यांना चालणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन उचलले, पॉप्युलिस्टांनीही ब्रायन यांनाच उभं केलं आणि त्यात त्यांचा पक्ष विरून गेला. आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक १९१३ मध्ये सोळाव्या आणि सतराव्या घटनादुरुस्तीतून आली. पक्ष गेला, मागण्या राहिल्या. लहान पक्षाच्या माणसाला हा सौदा मंजूर आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला वाटतं, व्हावा.

याच्या उलट १८४४. गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाचे जेम्स बर्नी यांना न्यूयॉर्क राज्यात पंधरा हजारांवर मतं मिळाली आणि तिथे डेमोक्रॅट जेम्स पोक यांनी तेव्हाच्या दुसऱ्या मोठ्या पक्षाचे, व्हिग पक्षाचे, हेन्री क्ले यांना पाच हजारांच्या आसपास मतांनी हरवून राष्ट्राध्यक्षपद मिळवलं. टेक्सास सामील करून घ्यायला उतावीळ होते ते पोक. पुढच्याच वर्षी टेक्सास गुलामगिरी असलेलं राज्य म्हणून संघात आलं. गुलामगिरी नको म्हणून दिलेल्या मतांमधून हे घडलं. बर्नी यांच्या बाजूने इतकंच म्हणता येतं, की त्याच चळवळीतली बरीच माणसं पुढे गुलामगिरीचा प्रसार रोखू पाहणाऱ्या फ्री सॉइल पक्षात आणि तिथून १८५४ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात गेली. मात्र रिपब्लिकन हा हळूहळू वाढून मोठा झालेला तिसरा पक्ष, असं जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. व्हिग पक्ष गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून कोसळला आणि ती जागा रिकामी झाली. आधी जागा मोकळी झाली, मग नवा पक्ष बसला.

निरोपच द्यायचा असेल तर माझ्या मते नोव्हेंबरपेक्षा प्राथमिक फेरी (पक्ष आपला उमेदवार ठरवतो ती आधीची निवडणूक) बरी. २०२४ च्या फेब्रुवारीत मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत एक लाखाहून जास्त लोकांनी कुणाही उमेदवाराऐवजी ‘कुणालाच बांधील नाही’ या पर्यायावर खूण केली, गाझातल्या युद्धाबाबतच्या धोरणाच्या निषेधार्थ. मागणी जाहीर होती, मोजता येण्याजोगी होती आणि पक्षाकडे उत्तर द्यायला आठ महिने होते. त्यांनी ते कसं दिलं हा वेगळा विषय. पण निरोप कुणाचा आणि कशाबद्दल, यावर कुणाचं दुमत झालं नाही. नोव्हेंबरात त्याच राज्यातल्या, अरब वंशाच्या मतदारांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहरात स्टाइन यांना सुमारे १८ टक्के मतं पडली, पण राज्यातलं अंतर ८०,००० च्या घरात होतं आणि स्टाइन यांची राज्यभरातली मतं त्याहून कमी.

इथे तुमच्यासाठी कामाची गोष्ट: पेनसिल्व्हेनियात प्राथमिक फेरी बंदिस्त आहे. मतदार म्हणून नोंदणी करताना डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन लिहिलं नाही, तर त्यांच्या उमेदवारनिवडीत तुम्हाला मत नाही. लहान पक्षाची किंवा अपक्ष म्हणून नोंदणी मनाला बरी वाटते, पण ती तुमची एक आख्खी निवडणूक खाते. ज्या मोठ्या पक्षाचा तुम्हाला जास्त राग येतो त्यातच नाव नोंदवून तिथल्या प्राथमिक फेरीत मत देणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यात काहीही गैर नाही.

मुलाकडे वळू. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन मोठ्या उमेदवारांमधलं अंतर तीस लाखांहून जास्त होतं. तिथे त्याने तिसऱ्याला मत दिलं तर निकालावर ओरखडाही उठणार नाही. म्हणजे ते मत वाया? तिथे मोठ्या पक्षाला दिलेलं मतही तेवढंच वाया म्हणावं लागेल. निकाल फिरवण्याचा प्रश्नच नसल्यावर मताने दुसरं काय होतं ते पाहायचं. आणि होतं ते उंबरठ्यांवर.

एक उंबरठा राष्ट्रीय. ज्या पक्षाच्या उमेदवाराला देशभरात किमान ५ टक्के मतं मिळतात, त्याला पुढच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत सरकारी निधीचा हक्क मिळतो. पेरो यांनी १९९६ मध्ये ८.४ टक्के मिळवले, त्या जोरावर रिफॉर्म पक्षाला २००० साठी सव्वा कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. पक्षाने ती भांडणांत घालवली आणि उमेदवाराला अर्धा टक्काही धड मिळाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. नेडर २००० मध्ये याच पाच टक्क्यांच्या मागे होते. मिळाले २.७. पण निधीसाठी मतं हवी होती, तर शेवटच्या आठवड्यांत ते अटीतटीच्या राज्यांत का फिरत होते, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. मतं सुरक्षित राज्यांतूनही तितकीच मोजली जातात.

दुसरे उंबरठे राज्याराज्यांचे, आणि लहान पक्षांचं खरं जगणं-मरणं तिथे ठरतं. ठरावीक टक्के मतं मिळाली तर पुढच्या वेळी मतपत्रिकेवर आपोआप जागा, नाहीतर पुन्हा हजारो सह्या गोळा करा, त्यांतल्या निम्म्या कुणीतरी आक्षेप घेऊन बाद करणार, मग न्यायालयात जा. न्यूयॉर्कने २०२० मध्ये हा उंबरठा वाढवून १,३०,००० मतं किंवा २ टक्के, यांतलं जे जास्त ते, असा केला. ग्रीन आणि लिबर्टेरियन दोघेही त्याखाली गेले आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदासाठी दोनच छापील नावं होती. तेव्हा सुरक्षित राज्यातल्या मताची किंमत बघायची तर आधी त्या राज्याचा उंबरठा बघा.

कॅलिफोर्नियाची आणखी दोन वैशिष्ट्यं. २०१० च्या सार्वमतानंतर तिथे राज्यातली पदं आणि काँग्रेससाठी प्राथमिक फेरीतले पहिले दोघेच नोव्हेंबरात जातात, पक्ष कोणताही असो. त्यामुळे लहान पक्ष नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर मुलाला बहुधा राष्ट्राध्यक्षाच्या रकान्यातच भेटतील. आणि नोंदणी करताना ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ या नावावर खूण करू नको म्हणावं, त्याला अपक्ष राहायचं असेल तर. तो कडव्या उजव्या वळणाचा एक पक्ष आहे, आणि ‘अपक्ष’ समजून त्यात नाव नोंदवलेल्यांची संख्या प्रचंड आहे. अपक्षांसाठी ‘पक्षाची पसंती नाही’ हा वेगळा पर्याय असतो.

राष्ट्राध्यक्षाच्या रकान्याखाली मात्र माझा सूर बदलतो. १९८१ मध्ये बर्नी सँडर्स व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचे महापौर झाले ते अपक्ष म्हणून, दहा मतांनी. मिलवॉकी शहराने १९१० ते १९६० या काळात तीन समाजवादी महापौर निवडले, त्यांतले डॅनियल होन तर १९१६ पासून १९४० पर्यंत पदावर होते. नगरपरिषदेत, शाळामंडळावर, काउंटीत मोठ्या पक्षाचा उमेदवार अनेकदा बिनविरोध निवडून येतो. तिथे तिसरा उमेदवार कुणाचीही मतं खात नाही, कारण दुसराच नसतो. लहान पक्षात काम करायची इच्छा असेल तर ताकद इथे लावावी. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार उभा करायचा आणि मधली वर्षं झोपायचं, ही त्या पक्षांची खोड मला कधी समजलेली नाही. उंबरठ्यासाठी करतात हे कळतं, तरीही.

शिवाय नियम बदलला की त्याच मताचा अर्थ बदलतो. जॉर्जियात राष्ट्राध्यक्षपद सोडलं तर जिंकायला ५० टक्क्यांहून जास्त मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. २०२० मध्ये सिनेटच्या लढतीत रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले, लिबर्टेरियन शेन हेझल यांना २.३ टक्के होते. जानेवारीतल्या फेरमतदानात डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ जिंकले आणि सिनेट ५०-५० झालं. ‘सर्वाधिक मतं त्याचा विजय’ या नियमात पर्ड्यू नोव्हेंबरातच जिंकले असते. इथे हेझलच्या मतदारांना दुसरी संधीही मिळाली, जी फ्लोरिडात नेडरच्या मतदारांना नव्हती.

मेन राज्यात पसंतीक्रम लिहिता येतो. पहिली पसंती तिसऱ्या उमेदवाराला, दुसरी मोठ्या पक्षाला. पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे सरकतं. २०१८ मध्ये तिथल्या दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात पहिल्या मोजणीत रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पुढे होते. दोन अपक्षांची मतं वाटल्यावर डेमोक्रॅट जेरेड गोल्डन जिंकले. २०२० पासून मेनमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठीही ही सोय आहे. तुम्ही तिथे राहत असता तर हे एवढं लांब उत्तर लिहावंच लागलं नसतं. पद्धत निर्दोष नाही. अलास्कात २०२२ च्या ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत निक बेगिच हे समोरासमोरच्या लढतीत बाकीच्या दोन्ही मुख्य उमेदवारांना हरवू शकले असते, असं मतपत्रिकांवरून दिसतं. पण पहिल्या पसंतीत तिसरे आल्याने तेच आधी बाद झाले. आणि लोकांना ही पद्धत हवीच आहे असंही नाही: २०२४ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा, ओरेगन आणि आयडाहोने ती नाकारली.

न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये आणखी एक वाट आहे. लहान पक्ष मोठ्या पक्षाच्याच उमेदवाराला आपल्या ओळीवर उभा करतो आणि दोन्ही ओळींची मतं एकत्र मोजली जातात. उमेदवार तोच, पण तुमचं मत कुठल्या ओळीतून आलं ते दिसतं. मत वायाही जात नाही आणि निरोपही पोचतो. बहुतेक राज्यांत यावर बंदी आहे आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी वैध ठरवली.

तिसऱ्या उमेदवारामागे कोण आहे, हेही पाहत चला. प्रतिस्पर्ध्याची मतं फुटावीत म्हणून मोठ्या पक्षांच्या हितचिंतकांनी लहान उमेदवाराला पैसा किंवा वकील पुरवल्याचे प्रकार दोन्ही बाजूंनी झालेत. फ्लोरिडात २०२० मध्ये राज्य सिनेटच्या एका जागेवर विद्यमान सदस्याच्याच आडनावाचा, प्रचारही न करणारा अपक्ष उभा राहिला. त्याला सहा हजारांवर मतं पडली आणि विद्यमान सदस्य ३२ मतांनी हरला. पुढे फौजदारी खटले झाले. उमेदवाराचं नाव पूर्वी कधी ऐकलं नसेल, तर त्याच्यासाठी पैसा कुणी दिला ते जाहीर नोंदींत दोन मिनिटांत सापडतं.

नाव हाताने लिहून मत द्यायचा विचार असेल तर जपून. अनेक राज्यांत आधी अर्ज भरलेल्या व्यक्तीचंच लिहिलेलं नाव मोजतात. काही राज्यांत ती सोयच नाही, आणि हवाईची अशी बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केली आहे.

राहता राहिला तुमच्या घरातला तोडगा. २००० मध्ये इंटरनेटवर मतांच्या अदलाबदलीची स्थळं निघाली होती: अटीतटीच्या राज्यातला नेडर समर्थक गोर यांना मत देणार, बदल्यात सुरक्षित राज्यातला गोर समर्थक नेडरना. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी दम दिल्यावर ती बंद पडली, पण २००७ मध्ये नवव्या फेडरल अपील न्यायालयाने ही अदलाबदल अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते असा निकाल दिला. पैसे किंवा वस्तू दिली-घेतली तर मात्र तो गुन्हा. अनोळखी माणसाने शब्द पाळला का हे गुप्त मतदानात कळत नाही, ही त्यातली मेख. तुमच्या घरात ती अडचण जरा कमी. तुम्ही पेनसिल्व्हेनियात दोघांतल्या बऱ्या वाटणाऱ्याला मत द्या, मुलगा कॅलिफोर्नियात तुम्हा दोघांच्या वतीने तिसऱ्याला देईल.

मुलाने यावर उलटा विचार केला तर आश्चर्य वाटू देऊ नका. विद्यार्थ्याला कॉलेजच्या पत्त्यावर किंवा घरच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एका ठिकाणी नोंदणी करता येते. निकालावर वजन टाकायचं असेल तर त्याने पेनसिल्व्हेनियातली नोंदणी ठेवावी आणि टपालाने मत पाठवावं. तसं केल्यास मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, मग बाहेरच्या पाकिटात घालायची. बाहेरच्या पाकिटावर सही हवी, तारीखही घालावी, आणि ते मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत काउंटीच्या कार्यालयात पोचलं पाहिजे. टपालाचा शिक्का वेळेवरचा असून भागत नाही, तेव्हा किमान दहा दिवस आधी टाक म्हणावं.